मुलींना न विचारलेला प्रश्न

वाशिम
रविवार, १३ जुलै २०२५

आबा,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा. इथे दोन खाटांच्या मध्ये आडवं व्हायला जागा नाही.

तुम्ही निघताना बजावलं होतं, "फोन नको करू, मले काई आयकू येत नाई. मी हालो हालो करतो अन् गोजराबाईले वाटते शेजारी आग लागली." म्हणून हे पत्र. तसंही वसतिगृहात मोबाइल चालत नाहीत. रविवारी बाईंच्या टेबलासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायला मिळतं. ती पाच मिनिटं मी पुण्याला आईबाबांना देते. आई कंपनीतूनच बोलते, मागे यंत्रं चालू असतात. "जेवली का?" विचारते, मी हो म्हणते, मग आम्ही दोघी यंत्रं ऐकतो. त्यांना पुण्याला जाऊन तीन वर्षं झाली, अजून फोनवर काय बोलावं ते आम्हाला सुचत नाही.

नववीचा वर्ग मोठा आहे, अठ्ठावन्न जण. खोलीत आम्ही सहा मुली. माझ्या शेजारच्या खाटेवर धनजची निकिता आहे. तिला विचारलं, तुझं गाव कसं आहे, तर म्हणाली, "हाय गावासारखं." त्याला आठवडा झाला, त्यानंतर काही बोललेली नाही.

जेवण बरं आहे. वरण-भात मी पोटभर खाते. ठेचा मात्र पाठवू नका, इथे सगळ्याच भाज्या तिखट असतात.

सकाळ जाते. शाळाही जाते. संध्याकाळचे पाच ते सात काही केल्या संपत नाहीत. घरी या वेळेला आपण ओट्यावर बसायचो, तुम्ही दिवसभराचं सांगायचे आणि मी तुमचा खर्रा घोटायची. आता कोण घोटतं?

तुमची योगिनी


मेडशी
२१ जुलै २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद. यातले जास्तीचे गणितासाठी ठेवावेत, उरलेले कुठेही वापरावेत.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "आबा, लय दिवसानं हातानं लिहेलं पत्र आलं. बाकी सारे बँकेचेच कागद रायतात." मी त्याला चहा पाजला.

खर्रा कोण घोटणार? मीच. सुपारी तीच, तंबाखू तोच, चुना तोच, प्लास्टिकची पन्नीसुद्धा तीच. पण बोटं आखडली आहेत. अर्धा तास पन्नीत धरून रगडतो तरी सुपारी दाताखाली खड्यासारखी येते. अकरा वर्षांची असल्यापासून तुझ्या हाताला जे वळण लागलं ते कुणाला नाही. शेजारच्या गोजराबाईच्या नातवाला बसवून पाहिलं, त्याने चुना डोळ्यात घालून घेतला. पारावर मी सगळ्यांना सांगतो, माझ्या नातीसारखा खर्रा अख्ख्या जिल्ह्यात कुणी घोटत नाही. लोक म्हणतात, "आबा, पोरीची तारीफ करायची तं मार्कांची करा." मी म्हणतो, मार्क काय, कोणालेही पडतात.

ठेचा नको म्हणतेस त्याचं कारण मला समजलं. गोजराबाईला मिरच्या कुटाव्या लागतील, म्हातारीला त्रास कशाला, असं तुझ्या मनात आलं असणार. लहानपणापासून तुझं असंच. म्हणून मुद्दाम मोठी बरणी भरून अकोला-वाशिम गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे. लाज न बाळगता खा.

सोयाबीन गुडघ्याला लागलं. घरही ठीक आहे, म्हणजे भिंती आपापल्या जागेवर आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसतो, बोलायला सुरुवात करतो आणि मग लक्षात येतं. आता लाल गाईला सांगतो. ती ऐकते, पण मध्येच शेपटी मारते.

नाश्ता चुकवू नको. दूध पीत जा.

तुझा आबा
उकंडराव


वाशिम
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

आबा,

नमस्कार. ठेचा मिळाला. खोलीत चौघींनी दोन दिवसांत बरणी धुऊन ठेवली. मला आणि निकिताला नको होता. मला सध्या तिखट नको वाटतं, बाकी काही नाही.

या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सोमवारी आम्हाला एक फॉर्म भरायला दिला, 'माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या सवयी'. आठ पानं. नाव लिहायचं नव्हतं, पण मॅडमनी कोपऱ्यात हजेरी क्रमांक टाकायला लावला, म्हणजे कुणी फॉर्म हरवणार नाही. दात रोज घासता का, नाश्ता करता का, फळं खाता का. मॅडम फळ्याजवळ उभ्या राहून सांगत होत्या, "लिहा, होय, रोज." आपली शाळा मागे पडायला नको ना! एक प्रश्न होता, गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं? कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मॅडम म्हणाल्या, "'कधीच नाही'वर खूण करा, नाहीतर चौकशी मागे लागते." अठ्ठावन्न जणांनी एकदम खूण केली.

सहावं पान तंबाखू, खर्रा, सुपारीचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मुलींनी हे सोडून द्या, वेळ वाचेल." आम्ही त्यावर आडवी रेघ मारली.

गुरुवारी दातांचे डॉक्टर आले. मुलांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं. प्रत्येकाला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगायचे. ज्याची जात नाहीत त्याचं तोंड सुपारी-तंबाखूने आतून आवळत चाललं आहे, असं ते म्हणाले. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडतं, मग घास जात नाही. पुढे कॅन्सरही होतो. वेळेत सोडलं तर वाढायचं थांबतं. बारा मुलं वेगळी काढली. आम्हा मुलींना तेव्हा शिवणाच्या तासाला पाठवलं होतं. माझी जागा खिडकीजवळ. मी एकच काज सहा वेळा उसवलं.

दुसऱ्या दिवशी त्या बारा जणांना प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं केलं. काल त्यातले दोघे शाळेत आलेच नाहीत.

आबा, तुमची किती बोटं जातात? सहज विचारते. बघून कळवा.

तुमची योगिनी


मेडशी
११ ऑगस्ट २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद आणि तुझ्या डॉक्टरला नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी हसलो. लगेच आरशासमोर उभा राहिलो आणि घातली बोटं. तीन तर गेलीच, चौथंही शिरत होतं. तेवढ्यात गोजराबाई ताक घेऊन आली आणि भांडं तिथेच टाकून ओरडली, "अवो, धावा कोनी! भाऊजी सोताचा हात गिळून राह्यले!" आता मी रस्त्याने निघालो की लोक मला तीन बोटं दाखवतात.

चाळीस वर्षं खातो मी. मला काय झालं? डॉक्टरांना काहीतरी सांगावंच लागतं. पोरांना धाक असावा हे मात्र बरोबर आहे, आजकालची पोरं चोरून खातात. पण तू कशाला धास्ती घेतेस? तू मुलगी, तुझं काय जातं त्यात? तुला माझी काळजी वाटली, हे मी ओळखलं. बोटांच्या निमित्ताने तू मला सांभाळून खा म्हणालीस, आणि हे न कळण्याइतका मी बहिरा नाही.

पोळा बावीस तारखेला आहे. बैल विकून दोन वर्षं झाली, पण तोरणाखाली दुसऱ्यांचे बैल बघायला काय हरकत आहे? एक दिवस तरी ये. घरात दोन ताटं मांडली जातील.

तुझा आबा


वाशिम
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आबा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. इतिहासाच्या वहीत राहील. पण कुणाला तरी सांगायचं आहे आणि तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही.

परवा पोळ्याला मी सांगायलाच आले होते. गाडीत वाक्य पाठ केलं होतं. घरी आले तर तुम्ही ओट्यावर पन्नी, सुपारी, चुना मांडून वाट बघत बसलेले. म्हणालात, "घे माय, एक घोटून दे. दोन महिने झाले, तोंडाले चव नाई." तुमचा चेहरा इतका खुलला होता की माझं वाक्य गेलं. मी घोटला. जेवताना पुरणपोळीचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करत बसले आणि मग दहीभात मागितला. तुम्ही म्हणालात, "शयराचं पानी लागलं वाट्टे पोरीले."

आबा, माझी दोनच बोटं जातात. तिसरं दातांवर अडतं.

आईबाबा पुण्याला गेले त्या पावसाळ्यात सुरू झालं. घोटून झाल्यावर पन्नीला जो भुगा चिकटतो, तो मी बोटाने चाटायची. मग चिमूटभर. आधी गरगरायचं, मग बरं वाटायचं. गालात धरलं की संध्याकाळ लवकर सरकायची. तुम्ही मला 'घोट' म्हणायचे, 'खा' कधीच म्हणाला नाहीत. आणि मुली खात नाहीत हे सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक आहे की माझ्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही.

वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत लखीरामचा पानठेला आहे. संध्याकाळी वह्या-पेनं आणायला आम्हाला बाहेर सोडतात. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कोनासाठी पाह्यजे?" मी म्हटलं, आबासाठी. मेडशीत दुकानावर तेच सांगायची सवय. "कुठी हायेत आबा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, इथे सरकारी दवाखान्यात, पोटाचं ऑपरेशन झालं. मला माफ करा. मी तुम्हाला आजारी पाडलं आहे.

तेव्हापासून लखीराम रोज विचारतो, "आज कशे हायेत आबा?" आणि मी सांगते. आज ताप उतरला. आज उशीला टेकून बसले. लाल गाईची आठवण काढतात. त्यांना ऐकू कमी येतं, डाव्या कानाशी बोलावं लागतं. तो सगळं लक्षात ठेवतो. एकदा त्याने तुमच्यासाठी दोन मोसंब्या दिल्या. त्या मी गच्चीवर बसून खाल्ल्या, आंबट इतकं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. ह्या एवढ्या वाशिममध्ये माझ्या घरच्या माणसाची विचारपूस करणारा तो एकटाच आहे. खर्रा सोडायचं मी चारदा ठरवलं. पण सोडला तर त्याच्याकडे जायचं कारणच उरत नाही.

तुम्ही लिहिलं होतं, तू मुलगी, तुझं काय जातं त्यात. ती ओळ मी खूपदा वाचली.

योगिनी


वाशिम
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आबा,

नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, सहामाही परीक्षा होती.

दिवाळीला मेडशीला येणं होणार नाही. आईबाबांनी पुण्याला बोलावलं आहे. तुम्हालाही घेऊन या म्हणत होते, पण त्यांची खोली एकच आहे. तुम्ही फराळाची खटपट करू नका.

तब्येत छान आहे. दूध पिते. बाकी सगळं ठीक.

तुमची योगिनी


मेडशी
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनी,

आज आशीर्वादापासून सुरुवात होत नाही.

दिवाळी एकट्याने केली. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. गोजराबाई म्हणाली, "पोरगी शिकली, आता तिले मेडशीची लाज वाटून राह्यली." मी तिच्याशी भांडलो, पण ते डोक्यात बसलं. मग विचार केला, पोरगी येत नाही तर आपण जावं. चिवडा, शंकरपाळे बांधले आणि काल वाशिमला आलो.

चौकीदाराने दारातच अडवलं. भेट फक्त रविवारी. मी वार बघून निघालोच नव्हतो. डबा त्याच्याकडे दिला, तो तुला पोचला असेल. परतायला गाडीला वेळ होता, म्हणून मागच्या गल्लीत पानठेल्यावर गेलो.

ठेलेवाल्याने विचारलं, "कोन्त्या गावचे?" मी म्हटलं, मेडशी. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं पान खाली ठेवलं. "तुमी उकंडराव तं नाई?" मला वाटलं, वा, आपलं नाव वाशिमपर्यंत पोचलं! मग तो उठून माझ्या डाव्या बाजूला आला, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, उठले का मंग? लय बरं झालं. चार महिने खाटेवर होते तुमी."

योगिनी, तो मला बाकावर बसवून माझ्याच दुखण्याची हकिकत सांगत होता. मला कधी ताप आला, कधी टाके निघाले. लाल गाय विचारली त्याने. तुझी आई पुण्याला आहे हेही त्याला माहीत. म्हणाला, "पोरगी रोज पाच वाजता येते, आज बी आताच येऊन गेली. माझ्या हातचा नाई चालत तिले, सोता घोटते. म्हनते, आबाले माह्याच हातचा लागते. काय हात हाय तिचा!"

हीच तारीफ मी पारावर करत आलो. ती आता त्याच्या तोंडून ऐकली.

मी त्याला खोटं पाडलं नाही. म्हटलं, हो, बरा आहे आता, पण डॉक्टरने खर्रा कायमचा बंद केला, पोरगी मागायला आली तरी देऊ नको. त्याने हात जोडले. म्हणाला, "नाई देत. तुमी जगले हेच खूप."

मग स्टँडवर बसून राहिलो. दोन गाड्या गेल्या. ठेचा, दहीभात, पोळीचे तुकडे, एकेक आठवत गेलं. आणि तू बोटं विचारली होतीस, तेव्हा मी गावभर हसलो. तुझं दुखणं तू मला आठ ओळींत सांगितलं होतंस आणि मी त्यातून माझी काळजी काढून घेतली.

आता तुझाच प्रश्न तुला विचारतो. किती जातात? खरं लिही.

आबा


वाशिम
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आबा,

दोन. तीही आता ओढूनताणून.

सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे. पोळ्यानंतर लिहिलं होतं, टाकायचं धाडस झालं नाही. त्यात सगळं आहे.

पुण्यात आईने ओळखलं नाही. तिची दुपारची पाळी, बाबांची रात्रीची. आम्ही तिघं एकत्र एकदाच जेवलो.

एक विनंती आहे. शाळेत सांगू नका. मुलांना प्रार्थनेत उभं केलं, दोघांची शाळा सुटली. मी तर मुलगी. मला काढून टाकतील, आणि मग घरी बसवतील. मला इथे करमत नाही, पण मला शिकायचं आहे.

गुरुवारी मी लखीरामकडे गेले होते. त्याने हसून सांगितलं, "आबा बरे झाले, आता तुले याची गरज नाई." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. चार दिवस झाले, डोकं फुटेल असं दुखतं. कुणाशी बोलले नाही.

योगिनी


मेडशी
२० नोव्हेंबर २०२५

माझ्या लेकरा,

ते जुनं पत्र वाचलं. पुन्हा वाचायची हिंमत नाही. तू लिहितेस, 'खा' म्हणाला नाहीत. म्हणालो नाही, पण ज्या हातात पुस्तक द्यायचं त्या हातात रोज पन्नी दिली, आणि वर त्याचा डंका पिटला. घरात एकटं पडलेलं लेकरू माझ्याजवळ येऊन बसत होतं, आणि त्याला जवळ बसवून घ्यायचा दुसरा कुठलाही उपाय मला सुचला नाही. दोष माझा आहे. त्यात वाटेकरी नको.

लखीरामला खर्रा सोडला असं सांगून बसलो, आता खरंच सोडावा लागला. आज आठवा दिवस. तुझं डोकं कसं दुखत असेल ते मला कळतं. परवा मी तांब्या फेकला, तो गाईला लागला. गोजराबाई माझ्याशी बोलत नाही. रोज संध्याकाळी मी गूळ-फुटाणे घेऊन बसतो आणि तूही तिकडे फुटाणे खात असशील असं धरून चालतो.

रविवारी येतो, या वेळी वार बघून. सोमवारी आपण अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. त्याला नाही म्हणायची मुभा तुला नाही. शाळेत तुझं नाव तुझ्या परवानगीशिवाय घेणार नाही. पण मोठ्या मॅडमना एवढं विचारणार आहे की मुलींची तोंडं का तपासली नाहीत. हे विचारायला कुणाचं नाव लागत नाही.

तुझा आबा


वाशिम
रविवार, १४ डिसेंबर २०२५

आबा,

नमस्कार. तुम्ही गेल्यापासून शाळेतला शिपाई तुमची नक्कल करतो. मोठ्या मॅडम म्हणताहेत, "आमच्या मुली तशा नाहीत," आणि तुम्ही कानाला हात लावून, "काय म्हनलं? आयकू नाई आलं." शाळा सुटेपर्यंत तुम्ही व्हरांड्यात बसून होता म्हणे. शेवटी मॅडमनी डॉक्टरांना फोन केला तो तुम्ही उठावं म्हणून.

गुरुवारी मुलींची तपासणी झाली. ओळीत उभं केलं. डॉक्टर म्हणाले, पहिली कोण? एकही हलली नाही. जी आधी जाईल ती 'तसली', हे प्रत्येकीला माहीत होतं. मुलं खिडक्यांना लटकलेली. तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतं, म्हणून ते मलाच घ्यावं लागलं. मी पुढे गेले.

डॉक्टरांनी काही मोठ्याने सांगितलं नाही, नुसतं लिहिलं. पण मागे कुजबुज सुरू झाली. मी ओळीत परत आले तर शेजारच्या दोघी बाजूला सरकल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा फार राग आला. वाटलं, वहीतलं पत्र वहीतच ठेवायला हवं होतं.

मग निकिता पुढे गेली. तोंड उघडण्याआधीच ती रडत होती. तिचं माझ्याहून कमी उघडतं. सोयाबीन सोंगायला आईबरोबर जायची तेव्हा लागलेली सवय, पुडी कंपासपेटीत ठेवायची. पाच महिने मी तिच्यापासून हातभर अंतरावर झोपले आणि मला कधी वास आला नाही, कारण माझ्याही तोंडाला तोच वास होता. तिच्यानंतर आठवीतल्या दोघी गेल्या.

आम्हाला प्रार्थनेत उभं केलं नाही. काढूनही टाकलं नाही. पण आमच्या दोघींच्या जागा मागच्या बाकावर केल्या, आणि कुणी आमच्या बाटलीतलं पाणी पीत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लपवणार नाही.

इथल्या डॉक्टरांनीही अकोल्याच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं. जे आवळलं ते पूर्ण सुटणार नाही, पुन्हा तोंडात काही टाकलं नाही तर वाढणार नाही. दोघींना चपट्या लाकडी काड्या दिल्या आहेत, आइस्क्रीमच्या असतात तशा. एकीवर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि आठवड्याला एक वाढवायची. माझ्या चौदा बसतात, तिच्या अकरा.

शाळा सुटली की आम्ही खाटांवर समोरासमोर बसतो आणि काड्या धरतो. जबडा ठणकतो, लाळ गळते, बोलता येत नाही. खोलीतल्या बाकीच्या उठून बाहेर जातात. काल अशाच बसलो असताना निकिताने वहीवर काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

'उद्या बी बसशीन ना माह्यासंगं?'

मी मान हलवली. तिला ते दिसलं नाही, ती खाली बघत होती. म्हणून पेन घेऊन खाली लिहिलं, 'हो.'

तुमची
योगिनी